पाठीवर वारा घेऊन आलेला कोल्हा

डिसेंबरातली पहाट होती. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मला अपघात विभागात बोलावून घेतलं. बाकावर साठीकडे झुकलेले एक मेंढपाळ बसले होते. उजव्या पोटरीला पटका करकचून बांधलेला आणि त्यातून रक्त झिरपत होतं. शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, पहाटे तीनच्या सुमारास कोल्हा चावला, असं त्यांनी सांगितलं. नळाखाली पाय धरून साबणानं जखम धूत असताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मामा, त्याची काही कळ काढली होती का? जवळपास पिल्लं वगैरे होती?"

"न्हाई सायेब. त्यो पिसाळल्यालाच हुता. येतानाच वळखला म्या."

"तो कसा काय?"

"शाना कोल्हा वाऱ्याला तोंड देऊन येतो. मेंढरांचा वास त्येला लागतो, पर त्येचा वास कुत्र्यास्नी लागत न्हाई. ह्यो वारं पाठीवर घिऊन आला. कुत्री कवाधरनं भुकत हुती, तरी ह्यो आपला सरळ चालतच आला."

रेबीज झालेला वन्यप्राणी माणसाला भीत नाही, कारण नसताना अंगावर येतो, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. पण ते इतक्या नेमकेपणानं मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या प्राण्याचं सगळं शहाणपण त्याच्या नाकात असतं, तो वारा विसरला, याचा अर्थ त्याच्या मेंदूत काहीतरी बिघडलं आहे. मामांनी वाऱ्यावरून निदान केलं होतं. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे. पण त्या तर्कामुळेच ते उजाडायची वाट न बघता तासाभरात दवाखान्यात पोचले होते.

त्या दिवसापासून वारा, वास आणि कोल्ह्याच्या जातीचे प्राणी या विषयावर मिळेल ते मी वाचत गेलो. वाचता वाचता उत्तर अमेरिकेतल्या सापळेवाल्यांपर्यंत आणि तिथून स्वित्झर्लंडमधल्या एका दरीपर्यंत पोचलो. रेबीज आवरण्याचा एक मोठा धडा त्या वाटेवर सापडतो. आज तोच सांगायचा आहे.

आधी नावांचा घोळ

शाळेत आपण फॉक्स म्हणजे कोल्हा असं पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात आपल्या रानातला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे आपल्या माळरानावरचं खोकड; कोल्ह्याहून लहान, झुबकेदार शेपटीचं. युरोप आणि उत्तर अमेरिकेत रेड फॉक्स नावाचा त्याचा मोठा भाऊबंद राहतो. त्याला या लेखात आपण तांबडा खोकड म्हणू. तिसरा प्राणी म्हणजे अमेरिकेतला कायोटी. दिसायला आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला, आणि संशयी स्वभावात दोघांच्याही वरचढ. हे सगळे कुत्र्याच्या कुळातले. त्यामुळे नाकाची रचना आणि रेबीज होण्याची शक्यता, दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला आलेली आहेत.

नाक कसं काम करतं

वासाची जाणीव करून देणारी प्रथिनं बनवणारी, चालू अवस्थेतली जनुकं माणसात चारशेच्या आसपास आहेत. कुत्र्यात ती साधारण आठशे आहेत. वास ओळखणाऱ्या पेशींच्या संख्येतला फरक तर याहून कितीतरी मोठा आहे. शिवाय कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला पाचएक वेळा हवा आत-बाहेर करतो. आत घेतलेल्या हवेचा एक भाग श्वासाच्या वाटेनं न जाता थेट नाकाच्या मागच्या भागात, वासाच्या पेशींकडे वळतो. सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून निघते. त्यामुळे समोरचा वास उच्छ्वासानं उधळला जात नाही.

पण नाक कितीही तयार असलं तरी वासाचे कण नाकापर्यंत यावे लागतात. ते आणण्याचं काम वारा करतो. लांबचा वास कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे वाराच ठरवतो.

देवासमोरच्या उदबत्तीकडे नीट पाहा. सुरुवातीला धुराची रेघ सरळ वर जाते, मग ती वळते, तुटते आणि तिचे धागे इकडेतिकडे भरकटतात. वास असाच प्रवास करतो. तो पाण्यात रंग मिसळावा तसा सगळीकडे सारखा पसरत नाही. वाऱ्याच्या दिशेनं लांबट पट्टा होऊन, तुटक तुटक झुळकांनी जातो. या पट्ट्याच्या बाहेर चार पावलांवर उभ्या असलेल्या प्राण्याला काहीच कळत नाही आणि पट्ट्यात बऱ्याच अंतरावर असलेल्याला कळतं. वास लागला की प्राणी वाऱ्याला तोंड करून पुढे सरकतो. वास तुटला की वाऱ्याला आडवा फिरून पुन्हा शोधतो. पाळलेला कुत्रा मैदानात नागमोडी पळताना दिसतो, ते बऱ्याचदा याचसाठी.

वाऱ्याचा वेगही महत्त्वाचा. अगदी निवांत हवेत वास जागेवरच घुटमळतो. सोसाट्याच्या वाऱ्यात तो लवकर विरतो. मंद, एका दिशेचा वारा वासाला सर्वांत लांब नेतो. रात्री आणखी एक गोष्ट घडते. जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून खाली दरीकडे वाहू लागते. वास मग जमिनीलगत राहतो आणि उताराच्या दिशेनं सरकतो. सूर्य वर आला की चढणीची हवा तापून वर जाऊ लागते आणि दिशा उलटते. खोकड आणि कायोटी बहुतेक वेळ रात्री, पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात. म्हणून डोंगराळ भागात दुपारचा वारा बघून पहाटेचा अंदाज बांधणारा माणूस फसतो.

सापळेवाल्याचं गणित

हे सगळं शास्त्र पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी उत्तर अमेरिकेतल्या सापळेवाल्यांना ठाऊक होतं. तिथे लोकरीच्या कातड्यासाठी आणि मेंढ्या-वासरांच्या राखणीसाठी खोकड आणि कायोटी पकडण्याची जुनी परंपरा आहे. जमिनीत पुरलेला, पाय पडताच मिटणारा लोखंडी सापळा हे त्यांचं मुख्य साधन. हा सापळा हातभरसुद्धा रुंद नसतो. शेकडो एकर रानात हिंडणाऱ्या प्राण्याचा पंजा नेमका त्या तळहाताएवढ्या जागेवर आणायचा, हे सगळ्यात अवघड काम. ते काम त्यांनी वाऱ्यावर सोपवलं.

समजा, शेताच्या कडेनं प्राण्यांची एक पायवाट उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते आणि त्या मोसमात वारा पश्चिमेकडून वाहतो. सापळा वाटेच्या पश्चिमेला लावला तर आमिषाचा वास वाटेवर आडवा पसरतो. वाटेनं येणारा खोकड त्या पट्ट्यातून जातोच. नाकात वास शिरताच तो पश्चिमेकडे, वाऱ्याला तोंड करून वळतो. हाच सापळा वाटेच्या पूर्वेला लावला, तर वास शेतात निघून जातो आणि प्राणी दहा पावलांवरून काहीही न कळता पुढे जातो. सापळा तोच, आमिष तेच. फरक फक्त बाजूचा.

पुढचं गणित शेवटच्या दोन पावलांचं असतं. खोकडाला उरलेलं अन्न जमिनीत पुरून ठेवायची सवय असते आणि दुसऱ्यानं पुरलेलं उकरायचीही. सापळेवाला त्याचाच फायदा घेतो. गवताच्या झुबक्याच्या किंवा छोट्या बांधाच्या पुढ्यात एक तिरपं बीळ खणतो आणि आत आमिष ठेवतो. बिळाचं तोंड वारा जिकडे जातो त्या बाजूला असतं. मागे झुबका असल्यानं प्राणी पाठीमागून येत नाही. वास समोरून येत असल्यानं तो बरोबर बिळाच्या तोंडासमोर, वाऱ्याला तोंड करून उभा राहतो. नाक बिळावर असतं तेव्हा पुढचा पंजा कुठे पडेल याचा अंदाज करून, बिळापासून काही बोटं अंतरावर, किंचित एका बाजूला सापळा मातीखाली लपवलेला असतो. म्हणजे वारा प्राण्याला नुसता बोलावत नाही, तर कुठे उभं राहायचं तेही ठरवून देतो.

कायोटीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. तो वास लागताच सरळ येत नाही. वारा जिकडे जातो त्या बाजूनं लांबून अर्धा फेरा मारतो आणि आमिषाबरोबर आणखी कशाकशाचा वास येतोय, ते तपासतो. त्यात माणसाचा वास मिळाला तर निघून जातो. म्हणून सापळेवाले रबरी हातमोजे आणि बूट वापरतात, सापळे झाडाच्या सालीबरोबर पाण्यात उकळून त्यांचा लोखंडाचा आणि तेलाचा वास घालवतात, ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत जातात आणि प्राण्याच्या पायवाटेवर स्वतः पाऊल ठेवत नाहीत. वारा फिरला तर काल अचूक असलेली जागा आज निरुपयोगी ठरते, म्हणून पुष्कळ जण वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक सापळा लावतात.

हे वाचून कुणाला सापळा लावायची हुक्की येऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. आपल्याकडे कोल्हा आणि खोकड, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना पकडणं हा गुन्हा आहे. युरोपीय संघानंही असे पाय पकडणारे सापळे १९९५ पासून बंद केले. या सापळ्यांत गावातली कुत्री, मांजरं आणि इतर प्राणीही सापडतात आणि तासन् तास तडफडतात.

माझ्यासारख्या डॉक्टरला या विद्येत रस वाटण्याचं कारण वेगळं आहे. एके काळी रेबीज थांबवण्यासाठी सरकारांनी याच विद्येचा आधार घेतला होता.

सापळे हरले, कारण...

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोपच्या पूर्व भागात तांबड्या खोकडांमध्ये रेबीज पसरू लागला. वर्षाला वीस ते साठ किलोमीटर या वेगानं ही लाट पश्चिमेकडे सरकत गेली. १९६७ मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये आणि १९६८ मध्ये फ्रान्समध्ये शिरली. खोकडं गुरांना चावत, पाळीव कुत्र्या-मांजरांना चावत आणि तिथून धोका माणसापर्यंत येई.

उपाय उघड वाटत होता. खोकडं कमी करा, रेबीज कमी होईल. बंदुका आल्या, सापळे आले, बिळांमध्ये विषारी वायू सोडला गेला, मारलेल्या खोकडामागे बक्षिसं दिली गेली. लाट मात्र पुढे सरकतच राहिली.

याचं कारण प्राण्याच्या जीवनक्रमात आहे. खोकडाच्या प्रत्येक जोडीचा आपापला इलाका असतो. इलाक्याचा मालक मेला की जागा मोकळी राहत नाही. शेजारची तरणी खोकडं तिथे येतात, हद्दीवरून भांडतात, एकमेकांना चावतात. रेबीज चाव्यातूनच पसरतो. खोकडं कमी झाल्यावर उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं आणि पिल्लं जास्त जगतात. वर्षभरात संख्या पुन्हा भरून निघते. या नव्या पिल्लांपैकी एकाच्याही अंगात रेबीजविरोधी प्रतिकारशक्ती नसते. म्हणजे इतके कष्ट करून आपण रोगाला नवं इंधन पुरवत असतो.

सापळा गेला, आमिष राहिलं

मग काही शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. खोकडाला आमिषापर्यंत आणता येतं, हे तर सापळेवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या सिद्ध केलं आहे. मग आमिषासमोर सापळा ठेवण्याऐवजी आमिषातच लस ठेवली तर?

१९७१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, तोंडावाटे दिलेली लस तांबड्या खोकडाला रेबीजपासून वाचवू शकते. ऑक्टोबर १९७८ मध्ये फ्रान्झ स्टेक यांच्या नेतृत्वाखाली स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात जगातला पहिला प्रत्यक्ष प्रयोग झाला. आमिष होतं कोंबडीचं मुंडकं. कत्तलखान्यात फुकट मिळणारं, खोकडाला अतिशय आवडणारं. कातडीखाली लसीची छोटी पुडी बसवलेली. खोकडानं मुंडकं चावलं की पुडी फुटायची आणि लस तोंडाच्या आतल्या त्वचेला आणि घशातल्या टॉन्सिलला लागायची. पुडी नुसती गिळली तर उपयोग नाही, कारण पोटातलं आम्ल लस निकामी करतं. ती चावलीच गेली पाहिजे, अशी तिची बांधणी हवी होती.

जागाही विचारपूर्वक निवडली होती. ऱ्होनचं खोरं दोन्ही बाजूंनी उंच डोंगरांनी बंद आहे. रेबीज आत शिरणार तो दरीच्या तोंडातूनच. तिथल्या खोकडांना लस मिळाली, तर रोगाला पुढे सरकायला अंगच मिळणार नाही. दरीच्या तोंडाशी प्रतिकारशक्तीची भिंत उभी करायची, अशी ती कल्पना होती आणि ती खरी ठरली. रोग त्या भिंतीपाशी थांबला.

हे काम पुढे वाढवत असताना, १९८२ मध्ये, हेलिकॉप्टरच्या अपघातात स्टेक यांचा मृत्यू झाला. काम मात्र थांबलं नाही. मुंडक्यांच्या जागी चरबी आणि माशाच्या भुकटीची, कारखान्यात बनवलेली आमिषं आली. त्यात टेट्रासायक्लिन हे औषध मिसळलं जाई. ते हाडांत आणि दातांत साठतं आणि विशिष्ट प्रकाशात चमकतं. त्यामुळे नंतर तपासलेल्या खोकडाच्या दातावरून त्यानं आमिष खाल्लं होतं की नाही, ते कळे.

इथे वाऱ्याचं गणितही बदललं. विमानातून टाकलेलं आमिष वाऱ्याच्या कुठल्या बाजूला पडेल, हे ठरवता येत नाही. सापळेवाल्याची नेमकी जागा निवडण्याची चैन इथे नव्हती. त्यावर उतारा म्हणजे संख्या आणि वास. दर चौरस किलोमीटरला वीस किंवा त्याहून अधिक आमिषं, ठरावीक अंतरानं आखलेल्या रेघांवर टाकायची आणि वास माशाचा, म्हणजे तीव्र आणि टिकणारा. वारा कुठूनही आला तरी प्रत्येक खोकडाच्या इलाक्यात एखाद्या तरी आमिषाचा वास त्याच्या वाटेवर आडवा यावा, असा हा हिशेब.

स्वित्झर्लंड १९९९ मध्ये, फ्रान्स २००१ मध्ये आणि जर्मनी २००८ मध्ये खोकडांच्या रेबीजमधून मुक्त झाले. बंदूक, सापळा आणि विषारी वायू यांना जे जमलं नाही, ते चावून खाल्लेल्या लसीनं केलं.

टेक्सासचे कायोटी

अमेरिकेत हाच धडा कायोटीच्या बाबतीत गिरवला गेला. १९८८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेलगत, टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, कायोटींमध्ये कुत्र्यांचा रेबीज पसरू लागला. तो कायोटीकडून पाळीव कुत्र्यांकडे आणि कुत्र्यांकडून माणसांकडे यायला लागला. दोन माणसं दगावली. १९९४ मध्ये राज्यानं आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि १९९५ च्या फेब्रुवारीपासून विमानानं लसीची आमिषं टाकायला सुरुवात झाली. ही लस आमच्या पिढीच्या डॉक्टरांना ओळखीची वाटावी अशी आहे. देवीच्या लसीत जो विषाणू वापरत, त्यातच रेबीजच्या विषाणूचं एक जनुक बसवलेलं. जगातून देवी घालवणारा विषाणू पुन्हा कामाला लावला गेला.

दरवर्षी हिवाळ्यात ही विमानं उडत राहिली. इतका संशयी प्राणी, पण पायाखाली लोखंड नसलेलं हे आमिष त्यानं खाल्लं. रोगाचा पट्टा सीमेकडे मागे मागे ढकलला गेला. या प्रकारच्या रेबीजचा तिथला शेवटचा प्राणी २००४ मध्ये सापडला आणि २००७ मध्ये अमेरिका कुत्र्यांच्या रेबीजमधून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे काय?

जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात. त्यातला मोठा वाटा आपल्या देशाचा आहे आणि आपल्याकडे बहुतेक वेळा रोग येतो तो कुत्र्याच्या चाव्यातून. कोल्हा हा त्यातला अधूनमधून येणारा पाहुणा. तरी २०२४ मध्ये मुंबईतही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं आढळलं, तेव्हा हा प्रश्न फक्त रानातल्या मेंढपाळांचा नाही.

कुत्रा चावल्याच्या बातम्या आल्या की दरवेळी एकच मागणी होते. कुत्री मारा, उचला, लांब नेऊन सोडा. लोकांचा राग मी समजू शकतो. लहान मुलांच्या चेहऱ्यावरच्या जखमा मी स्वतः पाहिल्या आहेत. पण युरोपातल्या खोकडांनी जे शिकवलं, ते गल्लीतल्या कुत्र्यांनाही लागू पडतं. जागा रिकामी केली की नवी, लस न घेतलेली कुत्री येतात. दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली आणि ती वेळोवेळी मिळत राहिली, तर रोगाला पुढे जायला वाट उरत नाही. गोव्यानं हे करून दाखवलं. घरोघर आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लस देण्याची मोहीम तिथे अनेक वर्षं चालली आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. हाताला न येणाऱ्या कुत्र्यांसाठी आमिषाचा मार्ग चालेल का, हेही तिथे लस न घातलेली आमिषं देऊन तपासून झालं आहे.

ज्याला वारा सोसत नाही

वाऱ्याबद्दल इतकं लिहिलं, तर एक आठवण टाळता येणार नाही. मामांच्या आधी काही वर्षांपूर्वी एक तरुण शेतमजूर वॉर्डात दाखल झाला. पाणी गिळता येत नाही, एवढीच तक्रार. उकडत होतं म्हणून त्याच्या बायकोनं पंखा लावला आणि वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर लागताच त्याचा घसा आणि छाती आवळली गेली. डोळे विस्फारले. पंखा बंद केल्यावर तो शांत झाला. पाण्याची भीती सगळ्यांना माहीत असते. रेबीजमध्ये वाऱ्याचीही भीती असते. झुळूक लागली की घशाचे स्नायू आखडतात. त्या क्षणी आम्हाला निदान कळलं आणि आपल्या हातात आता काही नाही, हेही कळलं.

दोन महिन्यांपूर्वी त्याला एका पिल्लानं ओरबाडलं होतं. जखम नखाएवढी. त्यानं तिला चुना आणि तिखट लावलं आणि विसरून गेला. तो पुरता शुद्धीवर होता. बायकोला रोजाचे राहिलेले पैसे कुणाकडून घ्यायचे, ते सांगत होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही. त्याआधी मात्र जवळजवळ खात्रीचा उपचार आहे, तोही सरकारी दवाखान्यात मोफत. मधला जो वेळ असतो, त्यातच सगळं आहे.

म्हणून लक्षात ठेवा.

चावा असो, ओरखडा असो, की जखमेला लागलेली लाळ असो, आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. चुना, तिखट, हळद, तेल, यातलं काहीही लावू नका. पट्टी करकचून बांधू नका आणि टाके घालण्याची घाई करू नका.

त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. कोल्हा, खोकड, लांडगा, मुंगूस अशा रानटी प्राण्याचा चावा हा नेहमी सर्वांत गंभीर गटातला समजला जातो. "प्राणी दहा दिवस जगतो का ते बघू" हा हिशेब रानटी प्राण्यांना लागू नाही. तो फक्त कुत्र्या-मांजरासाठी आहे आणि तेव्हाही उपचार लगेच सुरू करायचे असतात.

सगळे डोस पुरे करा. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते; दिवस मोजताना पहिला दिवस शून्य धरायचा.

मामांच्या बाबतीत मला याच शेवटच्या मुद्द्याची काळजी होती. त्यांची मेंढरं पुढे सरकत होती आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते दोन तालुके पलीकडे असणार होते. कागदावर लिहिलेल्या तारखा त्यांना वाचता येत नव्हत्या. त्यांनीच तोड काढली. "आज कंचा वार?" सोमवार होता. सातवा दिवस सोमवारीच येतो आणि अठ्ठाविसावाही. राहिला फक्त मधला एक गुरुवार. वार त्यांना पाठ होते, कारण त्यांचा सगळा प्रवास आठवडी बाजारांच्या हिशेबानं चालतो. मी चिठ्ठी दिली, पुढच्या ग्रामीण रुग्णालयांना फोन केले आणि मनात धाकधूक ठेवून त्यांना निरोप दिला.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा आले. पायावर वण होता, चालणं ठणठणीत. चारही डोस घेतल्याची, घड्या पडून मऊ झालेली चिठ्ठी त्यांनी मला दाखवली. बाहेर झाडाखाली त्यांची दोन कुत्री बसली होती. दोघांनाही जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली आहे, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं.